सुनंदावहिनी आणि कपाटातला बॅज

मंडळी, आज सकाळी शेजारच्या सुनंदावहिनींना मागे बसवून सुकापूरहून थेट कंपनीच्या गेटपर्यंत स्कूटर पळवली!

त्यांचे मिस्टर, आमचे दादा, पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढतात. अंगावर किती रेडिएशन पडलं ते छातीवरच्या बॅजवरून कळतं. आकडा वाढला, तर त्या कामावरून बाजूला करतात आणि ओव्हरटाइम बुडतो. म्हणून दादा बॅज मुद्दाम घरी कपाटात ठेवून गेले होते.

वहिनींनी गेटवर सगळ्यांदेखत तो दादांच्या खिशाला लावला. म्हणाल्या, "कंपनीला फसवाल, पन अंगाला कसं फसवाल?"

 ते ऐकून मागे उभ्या असलेल्या दोघा कामगारांनी हळूच पिशवीतून आपापले बॅज काढले आणि खिशाला लावले.

तुमच्यासाठी असं गेटपर्यंत कोण येईल हो?