गिरणी चालू असेपर्यंत

आमचा बँड जेमतेम दीड वर्ष टिकला. नारायण पेठेत पिठाच्या गिरणीवर एक रिकामी खोली होती. तिथे रविवारी सकाळी आम्ही तिघं वाजवायचो. मी बेस गिटारवर, एक जण ड्रमवर, आणि गिटार वाजवत गाणारा आमचा मित्र. आम्ही वाजवायचो ते पंक रॉक म्हणजे शेजाऱ्यांच्या लेखी नुसता गोंगाट. म्हणून खालची गिरणी घरघरायला लागली की सुरू करायचं आणि ती थांबली की गाणं असेल तिथे सोडायचं. गिरणीवाले काका एकदा वर येऊन शांतपणे म्हणाले, "अहो, भांडण असेल तर मिटवा. गाणं असेल तर शिका." आम्ही त्याचंही गाणं केलं.

त्या घरघरीत मित्राचा आवाज आम्हाला धड ऐकूच यायचा नाही. मानेवरची शीर फुगली की ध्रुवपद आलं, एवढं कळायचं.

रेकॉर्डिंग करायचं नाही, हा त्याचा हट्ट. ज्याला ऐकायचंय त्याने समोर येऊन ऐकावं. कर्वेनगरला एका पार्किंगमध्ये कार्यक्रम केला तेव्हा वाटेत बादली ठेवून सगळ्यांना फोन तिच्यात टाकायला लावले. केवढा माज होता आम्हाला त्याचा! पुढे हिंजवडीच्या नोकऱ्यांनी रविवारही खाल्ले आणि बँड न भांडता मोडला.

गेल्या वर्षी कर्करोगामुळे त्या मित्राचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतो, त्यावर रुमाल बांधतो. त्याची मुलगी तेव्हा रांगत होती. त्याने मोबाईलवर लिहून दाखवलं, "एखादं तरी गाणं असेल ना कुणाकडे? तिला ऐकवायचंय." बँड ऐकायला येणारे जेवढे सापडले त्या सगळ्यांना आम्ही विचारलं. लग्नाच्या व्हिडिओत त्याचं बोलणं होतं, गाणं कुठेच नव्हतं. त्या बादलीचा मला अजून राग येतो.

मग त्यानेच आम्हाला पुन्हा खोलीवर बोलावलं. त्याची बायको मुलीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. खाली गिरणी सुरू झाली, आम्ही वाजवू लागलो. त्याचे ओठ हलत होते. मानेवरची शीर फुगली आणि ड्रमवाल्याने बरोबर ठेका बदलला. काहीच बदललेलं नाही, असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात गिरणी थांबली. सवयीने तिघांचेही हात थांबले. पण डोळे मिटून तो गातच राहिला. गळ्यावरच्या रुमालाआडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मुलगी तो ऐकत होती.