घणालाही कुंकू

यंत्राला तेल कोणी घालायचं, यावरून कुसुमावती हल्याळकर दोन साहेबांशी भांडल्या होत्या आणि दोन्ही वेळा जिंकल्या होत्या. हुबळीतल्या पंप बनवणाऱ्या कंपनीत त्या बाहत्तर साली कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागल्या. कामगारांची हजेरी, गोदामातला माल, सगळं त्या भोकांत असायचं. मग कपाटाएवढं एक यंत्र ती कार्डं वाचून खडाखडा कागद छापायचं. चौदा वर्षांत त्या यंत्रखोलीच्या प्रमुख झाल्या, सगळ्यांच्या कुसुमक्का झाल्या. विद्यानगरातल्या घरापेक्षा त्यांची ही खोली जास्त चकचकीत असते, अशी तक्रार त्यांचे यजमानच करत.

शहाऐंशीत कंपनीनं संगणक घ्यायचं ठरवलं आणि मॅनेजर गोविंदराव म्हणाले, "जुनं सगळं वजनावर देऊन टाका."

अक्कांचं डोकंच फिरलं. "चालती यंत्रं आहेत, साहेब! चालती म्हणूनच विकू की!"

"घेणार कोण?"

"ज्यांच्याकडे अजून हीच आहेत ते. पण आत्ता. दोन वर्षांमागं मी घसा फोडून सांगत होते, तेव्हा रांग लागली असती. आणखी वर्षानं फुकटसुद्धा कोणी नेणार नाही."

हे त्यांनी बोलून दाखवलं. पोटातलं मात्र कोणाला सांगितलं नाही. ज्या यंत्रांवर आपली चौदा वर्षं गेली, त्यांचे घणानं तुकडे होताना बघणं त्यांना सोसणार नव्हतं. बस्स, एवढंच होतं, आणि ते काही थोडं नव्हतं.

गोविंदरावांनी मुदत दिली. नवा संगणक दसऱ्याला दुपारच्या मुहूर्तावर आत यायचा होता. त्यांनी टेबलावरच्या इंग्रजी कॅलेंडरात दसऱ्याच्या आदल्या चौकोनाला लाल गोल मारला. "या दिवशी चारपर्यंत गिऱ्हाईक नाही आलं, तर जुन्या हुबळीचा भंगारवाला सदाशिव येऊन सगळं फोडून नेईल." त्या चौकोनात खंडेनवमी बसली आहे, हे उत्साहाच्या भरात साहेबांच्या ध्यानातच आलं नाही. अक्कांच्या आलं. त्या गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असेल!

मग त्यांनी पत्रांचा धडाका लावला. सांगलीच्या एका सहकारी संस्थेचं अगदी असलंच यंत्र बंद पडलं होतं. तिथले सेक्रेटरी भीमराव स्वतः आले, अक्कांनी यंत्र चालवून दाखवलं, आणि गडी जागीच विरघळला. "सगळंच नेतो," म्हणाला. पण ट्रक काही येईना. एकदा टायर फुटलं, एकदा ड्रायव्हर आजारी पडला.

खंडेनवमी उजाडली. कारखान्यात लेथपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या. दुपारी तार आली: ट्रक निघाला, उद्या सकाळी पोचतो. अक्का तार घेऊन पळतच गोविंदरावांकडे गेल्या.

"तार म्हणजे ट्रक नव्हे," ते म्हणाले. "सदाशिव निघालाय."

अक्का तशाच मागं फिरल्या. जायच्या वस्तूंची पूजा कोण करणार, म्हणून यंत्रखोलीत एक फूल पडलेलं नव्हतं. त्यांनी लेथवरच्या दोन माळा सरळ उतरवल्या, हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि एकूण एक यंत्र पुजलं. घाईत कुंकू सांडत होतं. उदबत्ती लावतात न लावतात तोच सदाशिव घण खांद्यावर घेऊन दारात उभा.

"अक्का, हे काय केलंत!"

"आयुधपूजा. तुमची झाली?"

"घाईत राहिली की हो. साहेबांनी चारचा वायदा घातला..."

"राहिली? वर्षभर ज्याच्यावर पोट भरता, त्याचीच? आणा इकडं!"

त्याचं तोंड उघडायच्या आत त्यांनी घणाला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडू ठेवला आणि हात जोडले. सदाशिवही सवयीनं हात जोडून मोकळा झाला. मग त्याला कळलं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. पुजलेल्या यंत्रावर पुजलेला घण, आणि तोही आजच्या दिवशी?

"ब्याड, अक्का, ब्याड! नको!" तो दोन पावलं मागं सरला. "साहेबांनी हाकललं तरी चालेल. मी आज हात लावणार नाही."

गोविंदराव धावत आले, लालबुंद झाले, कॅलेंडर मागवलं, लाल गोलाकडे बघत राहिले. कपाळावर त्यांच्याही सकाळचं कुंकू होतंच. शेवटी त्यांनीच सदाशिवला घण खाली ठेवायला सांगितलं.

दसऱ्याला दहा वाजता फाटकाशी हॉर्न वाजला आणि अक्का पदर खोचून अक्षरशः उड्या मारत धावल्या. भीमराव ट्रकमध्ये पुढं बसून हात हलवत होते. यंत्रं चढवायला सगळ्यात जास्त जोर कोणी लावला असेल, तर सदाशिवनं. कुंकवासकट, माळांसकट यंत्रं सीमोल्लंघनाला निघाली. अक्का हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

मुहूर्तावर संगणक आत आला. सोनं म्हणून बन्नीची, शमीची पानं वाटली गेली. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," म्हणजे सोन्यासारखं राहू या, असं म्हणत गोविंदरावांनी अक्कांच्या हातावर पान ठेवलं आणि पाठोपाठ नव्या यंत्राची कोरी वहीही. "ही खोलीसुद्धा तुमचीच."

अक्कांनी तिथंच वही उघडली. आल्याची तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'विकायचं साल: एक्याण्णव.'

"अहो, आजच तर आलाय!"

"म्हणून तर आजच लिहिते. चालता असताना विकायचा," अक्का म्हणाल्या. "आणि दिवस मात्र खंडेनवमीचाच ठेवा."