चौदा तासांवरचा खांदा

आमच्या गल्लीतले शिंपीकाका एरवी देवमाणूस, पण नियम मोडायला सांगितलं तर देवालाही दुकानाबाहेर काढतील. कपडा आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायची आणि मगच पक्की शिलाई. लग्न चुकलं तरी चालेल, खांदा चुकता कामा नये. एका नवरदेवाचं खरंच चुकत होतं.

त्यांची एकुलती एक लेक विमानाने चौदा तासांवर राहते. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. मी आकडा सांगितला तेव्हा काकांनी मनातल्या मनात त्याचे मीटर केले आणि मटकन खाली बसले. "अहो, एवढं कापड अख्ख्या गल्लीनं जन्मात फाडलं नसेल!" चौदा तास मात्र त्यांना लगेच कळले. "म्हणजे तीन शर्ट आणि एक पँट. काजंबटणं सोडून."

तिकडे त्यांना तीन वर्षांची नात आहे, अजून प्रत्यक्ष न पाहिलेली. तिचा निळा फ्रॉक कच्च्या टाक्यांवर खुंटीला लटकलेला असे. लेक सुट्टीत येणार, नात घालून बघणार, मग पक्की शिलाई. पण सुट्टी पुढे जायची, नात वाढायची आणि काका टाके उसवून फ्रॉक मोठा करायचे.

"पार्सल करा की," मी म्हणायचो.

"आणि खांदा कोण बघणार? पोस्टमन?"

"मग तुम्हीच जा!" आतून काकू.

"विमानात कात्री नेऊ देत नाहीत. चौदा तास काय हात चोळत बसू?"

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ते सांगा. कात्रीला कशाला बोल लावता?"

परवा लेकीचा फोन आला. "बाबा, यंदाही नाही जमत."

काकांनी फ्रॉक खाली काढून उलटा केला. आता मोठा करायला आत कापडच उरलं नव्हतं. मग ते मशीनवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, अंगावर न बघता, पक्की शिलाई मारून मोकळे झाले.

पार्सल पोचलं तेव्हा व्हिडिओ कॉल झाला. पोर फ्रॉक घालून गरागरा फिरत होती. आम्ही सगळे "वा, वा!" काकांचा चेहरा मात्र पडलेला.

"डावा खांदा उतरतोय. थांबव तिला."

"आजोबा, बघा कसा उडतो!"

"उडेल गं राणी, आधी सरळ उभी राहा."

शेवटी शिंप्याचीच लेक ती. तिने पोरीच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरून उचललं. "एवढं?"

"अजून जरा."

"एवढं?"

काका फोनच्या काचेला नाक लावून बघत राहिले. फ्रॉक आता नेमका बसला होता. लेकीने चिमूट सोडली, खांदा पुन्हा घसरला.

"सोडू नकोस," काका म्हणाले.

"अहो बाबा, किती वेळ धरू?"

"धर गं जरा."