नाव नसलेली चिठ्ठी

"पावणं, तुमच्यात कोंबडी घरात शिरली तर काय करतासा?"

बसाप्पा अण्णांनी पहिल्या भेटीत मला हेच विचारलं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी तेव्हा तात्पुरता ग्रंथपाल होतो. वर्ष असेल पंच्याण्णव-शहाण्णव. म्हणालो, "हुसकतो." लगेच त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा काढला. कोऱ्या बाजूवर शब्द, अर्थ, माझं वाक्य आणि खाली माझं नाव-गाव लिहून घेतलं.

अण्णा गडहिंग्लजकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, बोलण्यातले शब्द गोळा करायचे. कोशातून शब्द उतरवायचा नाही, माणसाच्या तोंडून ऐकला तरच घ्यायचा, हा त्यांचा नेम. "ज्येच्या तोंडचा शबुद, त्येचं नाव खाली. न्हाईतर ती चोरी की वो!" भाजीवाली, कंडक्टर, शिपाई, कुणी सुटायचं नाही. त्या वर्षी त्यांनी घालवून देण्याचे शब्द धरले होते. "हुस्स म्हणतो म्हणून हुसकणं. पोरास्नी पिटाळत्यात, त्यात पिटणं आलं. पर हाकलणं बगा. त्यात हाक हाय. गुरं हाकताना माणूस संगं चालतो. हाकलताना मातर आपण जाग्यावर, दुसऱ्यानं जायचं." मग खिन्न होऊन म्हणाले, "त्येची चिठ्ठी न्हाय अजून. माझ्या म्होरं कुणी बोलंना."

ते माझ्या नशिबात होतं. कॉलेजात तपासणीला समिती आली. माझं कायम होणं त्या दिवसावर होतं. पाहुणे ग्रंथालयात शिरले, तर अण्णा नेहमीसारखे टेबलभर चिठ्ठ्या पसरून बसलेले. त्यांनी थेट अध्यक्षांनाच गाठलं, "पावणं, गाव कंचं तुमचं?" अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. मी शिपायावर ओरडलो, "ह्या म्हाताऱ्याला आधी बाहेर हाकला! परत पायरी चढू देऊ नका!"

वाचणाऱ्या पोरांनी माना वर केल्या. अण्णांनी चिठ्ठ्या गोळा केल्या. "चुकलं बगा सायेब," म्हणाले. चुकलं म्हणे त्यांचं! मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं कायम झालो, पेढे वाटले. गडहिंग्लजची एसटी काय, हवी तेव्हा मिळते. उद्या जाऊ, परवा जाऊ करत दहा वर्षं घालवली. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मग एक दिवस त्यांची लेक बुटांचे चार खोके घेऊन आली. अण्णा गेले होते. "हे ग्रंथालयातच ठेवा म्हणालेत," ती म्हणाली.

मी आधी 'ह'चा गठ्ठा काढला. 'हाकलणे'ची चिठ्ठी होती. वाक्य माझंच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. खाली नाव-गावाची जागा कोरी. चारी खोक्यांत अशी ती एकच, असं लेकीनं सांगितलं.

"नाव का नाही, मी तेव्हाच विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "तर म्हणाले, त्या पोराची नोकरी कच्ची हाय. एक चोरी ऱ्हाऊ दे माझ्या अंगावर."

मला वर बघवेना. तिच्यासमोरच पेन काढलं आणि त्या जागी माझं नाव लिहिलं. पूर्ण, गावासकट.