बाटीचा तिसरा वास

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. ऑफिसातल्या चौघींनी मिळून कोळशावरची जाळीची शेगडी घेतली, बार्बेक्यू म्हणतात तिला, आणि आता शिकायचं कसं म्हणून माझी आठवण झाली. "दादी, नवीन माणसानं कोणतं पुस्तक घ्यावं गं? तू तर तीन-तीन वाचलीस." मी म्हणलं, लिहून पाठवते. फोनवर ते बोलता यायचं नाही. हे शेजारच्या खोलीत पडलेले असतात, दार उघडं असतं, आणि त्या पुस्तकांचं सांगायचं म्हणजे यांचंच सांगावं लागतं.

आम्ही मूळचे राजस्थानचे. किती पिढ्यांमागचे, ते आता कुणालाच सांगता येत नाही. घरात बोली तिकडची राहिली, बाकी सगळं जालन्याचं. यांचं आयुष्य मोंढ्यात गेलं, धान्याच्या अडतीवर. मूठभर गहू नाकाशी धरून हे सांगायचे, माल यंदाचा की मागच्या सालचा, पोत्याला कुठं ओल लागली का. घनसावंगीकडून गाडी भरून आलेला माणूस यांच्या तोंडाकडे बघायचा नाही, नाकाकडे बघत उभा राहायचा.

आणि बाटी हेच भाजायचे. आमच्यात तशी रीतच आहे. घरातला स्वयंपाक बाईचा, पण शेतात सगळ्यांचं मिळून जेवण असलं की बाटी पुरुषांनी भाजायची. आम्ही जाडसर पीठ तुपाचं मोहन घालून मळायचं, ओवा घालायचा, गोळे करायचे आणि परात उचलून त्यांच्या हाती द्यायची. गोवऱ्यांच्या विस्तवाभोवती पुरुष आमच्याकडे पाठ करून बसणार. पन्नास वर्षं मी पीठ मळलं. पन्नास वर्षांत मला भाजणं दिसलं नाही, यांची पाठ तेवढी दिसली. कधी वाटलंही नाही की उठून पलीकडं जावं आणि बघावं. मिळत होती ना आयती!

मागच्या दिवाळीच्या आधी यांचा आजार निघाला. नाकाच्या मागं, घशाच्या वर गाठ. मोठ्या दवाखान्यात लाईट दिली; त्या मशीनच्या उपचाराला आमच्याकडे लाईटच म्हणतात. गाठ दबली, पण तोंडाची चव गेली आणि नाकाचा वास बिलकुल गेला. खिचडी दिली की म्हणायचे, माती. शिरा दिला, माती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, पुढचं औषध जबर आहे. दीड महिन्याची मुदत देतो. वजन तीन किलो तरी वाढवून आणा. न्हाई वाढलं तर ते औषध मला देता येणार न्हाई, आणि दुसरं काही माझ्याकडं न्हाई."

मग घरात एकच काम उरलं, यांना खाऊ घालणं. आणि हे तोंड मिटून बसलेले.

एके दिवशी दुपारी आपणहून म्हणाले, "गोवरीवरची बाटी असती तर खाल्ली असती."

मी तर उठूनच बसले. "मंग सांगा की कशी भाजायची. मी भाजते."

"ते सांगून येत न्हाई."

"पन्नास वर्षं मळलं मी पीठ. एवढं तरी सांगा."

"वासानं कळतं. पहिला वास गोवरीचा. दुसरा कणकेचा. तिसरा आला की जल्दी काढायची, थांबायचं न्हाई."

"तिसरा कशाचा?"

यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "नव्या गव्हाची कोठी उघडल्यावर येतो ना, तसा." आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिथून पुस्तकं सुरू झाली. शाळा मी फार पाहिली नाही, दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले, त्यामुळं माझा छापील अक्षरावर फार विश्वास. जे माणसाला सांगता येत नाही ते पुस्तकात असणारच, असं मला वाटायचं.

पहिलं पुस्तक नातीनं पाठवलं. इंग्रजी, पाट्यासारखं जड, चकचकीत. चित्रं बघून मी आधी मिटूनच टाकलं. आम्ही शुद्ध शाकाहारी, आणि त्यात पानोपानी मांस! शेवटी मांसाच्या पानांना कपड्यांचे चिमटे लावले. चिमटे संपले तरी पानं संपेनात. विस्तव आणि धूर यांवरची मधली काही पानं तेवढी मोकळी राहिली. त्यांचे फोटो मी तिला पाठवायची, ती फोनवर मराठीत सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायची. त्यात एक होतं: छान धूर हवा असेल तर लाकडाचे तुकडे आधी अर्धा तास पाण्यात भिजवावेत. आता माझ्याकडं लाकूड कुठलं? माझ्याकडं गोवऱ्या. मी बादलीभर पाण्यात गोवऱ्या भिजवल्या.

अर्ध्या तासानं बादलीत हात घातला तर नुसता काला. गोवऱ्या देणारी बाई त्याच वेळी मागच्या दारानं आली. बादलीत बघून कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"मावशी, म्या आठ दिस उन्हात वाळवल्या, तुम्ही घटकाभरात पुन्हा शेण केलं!"

"पुस्तकात लिहिलंय, बाई."

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी म्हैस न्हाई वाटतं."

आम्ही दोघी हसलो. आतून यांनी विचारलं, काय झालं. सांगितलं तर यांच्याही ओठाचा कोपरा हलला. तेवढंच. जेवले नाहीत.

दुसरं पुस्तक बसस्टँडवरच्या दुकानातलं, मराठी. त्यात बाटीवर पानभर होतं, म्हणून मी आनंदानं घेतलं. लिहिलं होतं, मध्यम आचेवर खरपूस भाजावी. मध्यम म्हणजे किती? गॅसला खुंटी असते, गोवरीला कुठं असते? खरपूस म्हणजे कधी? ज्याला येतं त्याला ते पान कळेल, पण ज्याला येतं तो पुस्तक कशाला घेईल? त्या पुस्तकावर मी चार वेळा भाजली. वरून कोळसा, आत कच्चा गोळा. बाटी फोडून मी आतलं पांढरं बघायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. दीड महिन्यातले तीन आठवडे संपले होते. या सगळ्या वेळेला यांच्या खोलीचं दार लावलेलं असायचं, कारण धूर यांना बिलकुल चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिसरं तर पुस्तकही नव्हे. नातीच्या कुणा मैत्रिणीच्या शेगडीबरोबर फुकट आलेली पातळ पुस्तिका. त्यात एकच कामाची गोष्ट होती. तळहात विस्तवाच्या वर वीतभर धरा आणि मोजा. तीनच्या आत हात ओढावा लागला तर आच जास्त आहे, थांबा. सहापर्यंत धरवला तर पदार्थ ठेवा. मला तर लिहिणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगाला कळेल असं सांगितलं होतं.

मी गोवऱ्या पेटवल्या, ज्वाळा पूर्ण बसू दिल्या, हात धरला. चार. थांबले. पुन्हा धरला. सहा. बाट्या ठेवल्या, सगळ्या बाजूंनी फिरवल्या, मग गरम राखेत पुरल्या आणि तिथंच पाटावर बसले. गोवरीचा वास आला. मग कणकेचा. मी हलले नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं आणि मग तो आला. एकदम आला. कोठीचं झाकण उचलल्यासारखा. मी चिमटा घेऊन जल्दी जल्दी बाट्या बाहेर ओढल्या, फडक्यानं राख झटकली, फोडल्या. आत कुठं पांढरं नाही. बराबर झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी बाटी भाजली होती आणि मला एकटीलाच ते कळलं होतं.

तुपात बुडवून, वरणात कुस्करून, मऊ करून यांच्यापुढं ठेवली. यांनी घास घेतला. तोंडात फिरवला. मी यांच्या नाकाकडं बघत होते. मोंढ्यातल्या त्या माणसांसारखी.

यांनी वर बघितलं आणि विचारलं, "झाली का?"

"काय?"

"बाटी. बराबर झाली का? तूच सांग. मला न्हाई कळत."

मी म्हणलं, "झाली. तिसरा वास आला होता."

"मंग चांगलंय," म्हणाले. आणखी दोन घास खाल्ले, माझ्यासाठी खाल्ले ते मला दिसत होतं, आणि ताटली सरकवली. त्यानंतर मी रोज भाजली. रोज बराबर झाली. रोज दोन किंवा तीन घास.

दीड महिन्यानं काट्यावर उभं केलं. वाढायचं सोडा, दीड किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी फाईल मिटली. मला म्हणाले, "आता घरीच ठेवा. पथ्य काही न्हाई. काय मागतील ते द्या."

तर आता तिला लिहिते: बेटा, तुला विचारायचं होतं कोणतं पुस्तक. जाड घेऊ नकोस, त्याच्या विस्तवाच्या गोष्टी आपल्या जळणाच्या नाहीत. मराठी घेऊ नकोस, ते आधीच येणाऱ्यांसाठी आहे. ती पातळ पुस्तिका शोध, हात धरून मोजायचं पान तेवढं वाच, बाकी फेकून दिलीस तरी चालेल. पण त्या पुस्तिकेतही तिसरा वास नाही, तो कुठल्याच पुस्तकात नाही. माझ्या घरात होता. मी पलीकडं जाऊन बसले नाही.

अजून बाटी भाजते. यांना सवय झाली आहे ताटलीत बघायची, आणि मला दुसरं काय येतं? आता यांच्या खोलीचं दार लावत नाही. पथ्यच नाही तर धुराचं तरी कशाला? काल हवा उलटी होती, सगळा धूर खोलीत शिरला. मी खोकत आत गेले. हे डोळे मिटून पडले होते, उशीवर, चादरीवर, सगळीकडं गोवरीचा वास.

माझी चाहूल लागली तसं म्हणाले, "ऐकती का? आज बाटी न्हाई का लावली?"

"लावते," म्हणलं.

आणि राखेतल्या बाहेर काढायला गेले.