काचेखालून पाहिलेली धामण

धामण ही नागाची बायको नाही. हे वाक्य मी अंधश्रद्धेविरुद्धच्या माझ्या पत्रकात सगळ्यात वर, जाड ठशात छापून घेतलं होतं आणि नवी पेठेत उभं राहून वाटलंही होतं. लोकांनी पत्रक घेतलं, त्यात शेंगदाणे बांधले आणि धामणीला नागाची बायको म्हणणं चालू ठेवलं. एक साप विषारी, दुसरा बिनविषारी, जाती वेगळ्या, तरी आमच्या गावानं त्यांचं लग्न लावून टाकलंय आणि ते मोडायला कुणी तयार नाही. माणसांची आंतरजातीय लग्नं म्हटली की हीच मंडळी दारं लावून घेतात, हेही मी पत्रकात लिहिलं होतं. तेही शेंगदाण्यांभोवती गेलं.

आमच्या खोलीत जी धामण राहिली, ती मात्र मी पत्रकासाठी आणली नव्हती. भवानी पेठेत आमच्या घरामागं सुताचं गोदाम होतं. तिथं काही लोक काठ्या घेऊन तिच्यामागं लागले होते. मी मध्ये पडलो, भाषण केलं. भाषणाचा उपयोग होईना, तेव्हा पोतं टाकून तिला उचललं. पाठीवर काठीचा घाव बसला होता. तो भरण्याआधी तिला रानात सोडणं म्हणजे घारीच्या पानात वाढणं. म्हणून आंब्याच्या पेटीला बारीक जाळी ठोकली आणि पेटी आमच्या खोलीत ठेवली.

आम्ही भाड्यानं राहत होतो. मधे अंगण, भोवती खोल्या, निम्म्या खोल्यांत मागांची खटखट. मालकीणबाईंना आम्ही सगळे मावशी म्हणायचो. बातमी कळली तशा त्या आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"नागीण घरात ठिवलीस व्हय रं? तिचा दादला तिला हुडकत येनार की!"

"मावशी, ही धामण आहे. नागाचा आणि हिचा काही संबंध नाही. धामणींतही नर असतो आणि मादी असते."

"असं? मग ह्यो नर हाय का मादी?"

हे पत्रकात नव्हतं.

मावशींनी निवाडा दिला. नर असेल तर राहू दे पेटीत, त्याला हुडकत कोण येतंय! मादी असेल तर नागपंचमीच्या आत निकाल लावायचा. अंगणात लेकरं खेळतात. निकाल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गोदामामागच्या काठ्या अजून तिथंच भिंतीला टेकून होत्या.

मला संताप आला. ही परीक्षा घेणं म्हणजेच ती खुळी समजूत कबूल करणं. नर असो की मादी, कुणाचाही दादला येणार नव्हता, आणि सूड घ्यायचं तर सापाच्या डोक्यात सुचतच नाही. मी हे सगळं वहिनीपुढं तावातावानं मांडलं. दादा मिलमध्ये पाळीवर होता, त्यामुळं ऐकायला तीच होती. सांगोल्याकडची ती, भाकरी थापता थापता म्हणाली, "भावजी, तुमचं तत्त्व ठिवा पेटीत आन् सापाला काडा भाईर. म्हंजी बघता तरी यील."

माझा एक मित्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होता. तो स्वेटर विणायची सुई घेऊन हजर झाला.

"पोटाखाली शेपूट सुरू होते तिथं आडवी फट असते बे. तिच्यातून सुई मागं शेपटीकडं सारायची. लांबवर गेली तर नर, लगेच अडकली तर मादी."

"आधी तुझ्यात सारू का?"

त्याची माहिती चूक नव्हती. नराचे अवयव शेपटीच्या बुडाशी दोन पिशव्यांसारखे आत दडलेले असतात, मादीला तेवढी पोकळी नसते. पण त्यासाठी गुळगुळीत, बोथट सळई लागते आणि ते काम शिकलेला हात लागतो. इथं स्वेटरची सुई, हात पहिल्यांदाच चालणार आणि साप आधीच जखमी. आतलं काही फाटलं तर बाहेरून दिसतसुद्धा नाही, साप नंतर सावकाश मरतो. मग तो म्हणाला, अंगठ्यानं बुडाशी दाबून बघू, नर असेल तर अवयव बाहेर येतो. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या सापाला दाबायला गेलास तर मणका मोडशील. विज्ञानाच्या नावानं जनावर मारायचं असेल तर काठीवाले काय वाईट होते?

"कात टाकंल की ती," वहिनी मधेच म्हणाली. "कातीवरनं कळंना व्हय?"

कळतं. पण कात टाकायची लक्षणं नव्हती आणि पंचमी तोंडावर आली होती.

शेवटी नुसतं बघायचं ठरलं, हात न लावता. नराची शेपूट फटीच्या मागंही जाड राहते आणि मुळ्यासारखी हळूहळू निमुळती होत जाते. मादीची फटीपाशीच एकदम आवळते. पण जाड म्हणजे किती जाड? मित्रानं त्यावर तोड काढली. कॉलेजात स्पिरिटच्या बरण्यांत एक नर आणि एक मादी धामण होती. दोघांच्या शेपट्या तो पातळ कागदावर गिरवून घेऊन आला. हे त्याचं काम मात्र मला मनापासून आवडलं. सुईचा उल्लेख मी नंतर फारसा केला नाही, रोज एकदाच केला.

दादाच्या कपाटाच्या दाराची काच काढली, दोन स्टुलांवर आडवी ठेवली, कडेनं उशा रचल्या. वहिनीनं पेटी काचेला लावून झाकण सरकवलं. धामण जीभ काढत, काचेवर सावकाश बाहेर आली. मी आणि मित्र खाली उताणे पडलो. मावशी आपल्या उंबऱ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मागांची खटखट थांबली होती आणि अंगण आमच्या दारात उभं होतं.

"काय दिसतंय?" मावशींनी विचारलं.

"पोट दिसतंय."

"पोट आमास्नी बी हाय. फुडं सांग."

खालून ते पिवळसर पोट पुढं सरकलं, फट आली, आणि फटीच्या मागं शेपूट एकदम आवळली, पिशवीचं तोंड दोरीनं बांधावं तशी. मित्रानं दोन्ही कागद वर धरले. शंकेला जागाच नव्हती. ती परत पेटीत शिरेपर्यंत आम्ही हललो नाही.

"नर सांग की बे," मित्र कानात म्हणाला. "कुणाला कळतंय?"

तेवढ्यात वहिनीही वाकली. "भावजी, एवढा डाव नर म्हना. तुमच्या तोंडाला काय फोड येनार न्हाय."

मी खोटं बोललो असतो तर धामण वाचली असती. पण उद्या पुन्हा कुठल्या तोंडानं नवी पेठेत उभा राहणार होतो? आणि खोटं एकदा खपलं की दारात जमलेली माणसं आणि मी यांच्यात फरक तो काय राहिला? मी काचेखालून बाहेर आलो, कपडे झटकले आणि स्पष्ट सांगितलं, "मादी आहे."

दारातून दोघं-तिघं गोदामाकडं वळले. मी पेटीसमोर आडवा उभा राहिलो आणि पत्रकातलं वाक्य मोठ्यानं म्हणू लागलो. कुणी ऐकत नव्हतं.

तेव्हा वहिनी पदर खोचून मावशींकडं गेली.

"मावशी, मादी हाय म्हंजी लेकीची जात. तिचा दादला नाग म्हंता, मंग पंचमीच्या तोंडावर ती आली कुटं? म्हायेराला आली की! पंचमीला आलेल्या लेकीला कुनी काठी दावतं व्हय? मला यंदा न्यायला भाऊ आला न्हाय. माज्या वाटनीची ही आली म्हना."

मावशींनी वर घेतलेले पाय खाली सोडले. त्यांनाही कोणी न्यायला येऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. मग त्यांनी काठी घेऊन निघालेल्यांना तिथूनच हाक मारली, "काय रं, मेल्यांनो, कुटं निगालाव? लेक आलीया घरात. ठिवा त्या काठ्या!"

"आणि नाग आला तर?" कुणीतरी विचारलं.

"आला तर जावई हाय. पाट मांडू."

अशी ती वाचली. मी जाहीर निषेध केला. एका अंधश्रद्धेतून सुटायला दुसरी वापरणं मला मान्य नाही, आजही नाही. वहिनी म्हणाली, "निषेद करा, पर पुरनाची दिंडं गरम हायती तवर खा." पंचमीला मावशींनी पेटीपुढं दुधाची वाटी ठेवली. साप दूध पीत नाही, उलट त्यानं आजारी पडतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेकीला नुसत्या पान्यावर ठिवू व्हय?" शेवटी वाटी पेटीबाहेर राहील एवढ्यावर तडजोड झाली. त्या दुधाचा वहिनीनं चहा केला. तो मी प्यायलो, आणि चांगला झाला होता.

घाव भरला, तिनं कात टाकली. मी पोतं सायकलला बांधलं. अंगणातल्या बायका बाहेर आल्या, आणि मावशींनी पोत्यावर कुंकू लावून नारळ आणि खण माझ्या हातात कोंबला. ओटीविरुद्ध माझं स्वतंत्र पत्रक आहे, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच कोंबला असावा.

अक्कलकोट रस्त्याला, वस्ती संपल्यावर, एका बांधावर मी पोतं उघडलं. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. कडब्याच्या गंजीखाली शिरली, शेवटी ती आवळलेली शेपूट तेवढी दिसली आणि गेली. मी उगाच बराच वेळ तिथं उभा राहिलो. खण वहिनीसाठी परत आणला.

परतलो तेव्हा मावशी उंबऱ्यावरच होत्या.

"गेली का रं? रडलं का कुनी?"

"साप रडत नाहीत, मावशी. त्यांना पापण्याच नसतात."

"तिचं कुटं इचारलं मी," मावशी म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.