पाखरं हाकलायचं यंत्र

दादाचा आवाज मोठा झालाय, हे सगळ्यात आधी वहिनीच्या लक्षात आलं. मी रविवारची करमाडला माहेरी गेले, तर तिनं मला ओट्याजवळ घेऊन हळूच सांगितलं, "ताई, हे आताशा भांडल्यासारखं बोलतात. कुकरची शिट्टी झाली का, म्हणून सारखं विचारतात. कुकर लावलेलाच नसतो."

दादा शेंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. ते सुटलं, तेव्हा गावातल्या मुकादमानं त्याला दुसरीकडं नेलं. तारेचं कुंपण घातलेली पडीक जमीन. तिथं एका ट्रकवर मोठाल्या तव्यांसारखं काहीतरी बसवलेलं. समोर माणसं उभी करायची, यंत्राचा आवाज सुरू करायचा आणि ज्याला तो सोसणार नाही त्यानं हात वर करायचा. विमानतळावरची पाखरं हाकलायला हे यंत्र आहे, असं त्यांना सांगितलेलं.

"लई जणांनी केले वर. म्या शेवटपर्यंत नाय केला," दादा म्हणाला. त्याला त्याचा अभिमानच होता.

आमचे अण्णा फौजेतून निवृत्त झालेले. ते खाटेवर उठून बसले. "पाखरं हाकलायची, तर माणसं कशाला उभी केली?"

"फौजेचं काम हाय, अण्णा. बाहेर बोलायचं नसतं. तुमाला तर म्हाईत पायजे."

अण्णा परत खाटेवर आडवे झाले. त्यांनी आयुष्यभर हुकूम मानला होता आणि आता त्याच शिस्तीनं लेकानं त्यांचं तोंड बंद केलं.

मी दादाला शहरात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डाव्या कानाची नस दुखावली होती. "कसला आवाज होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगायला मनाई हाय."

शेवटी मीच सांगितलं. ते ऐकत राहिले आणि एवढंच बोलले, "परत तिकडं पाठवू नका."

मला काही चैन पडेना. शाळेत फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, की तो ट्रक डोळ्यांपुढं यायचा. एका सुट्टीच्या दिवशी अण्णांना आणि दादाला घेऊन मी त्या कुंपणाच्या फाटकावर गेले. वाटलं होतं, हाकलून देतील. पण आतून एक साहेब आले, सावलीत खुर्च्या मांडायला लावल्या, चहा मागवला. बोलणं गोड. "ताई, हे संरक्षणाचं संशोधन आहे. सगळं तपासून करतो आम्ही. मी स्वतः यांच्यासोबत उभा राहिलो होतो."

दादानं मान डोलावली. आम्ही चहा पिऊन उठलो.

परत येताना रिक्षात दादा म्हणाला, "त्यो काचंच्या खोलीत होता. कानाला हे मोठाले हेडफोन."

"मग तिथं का नाही बोललास?"

"बोललो असतो तर पुन्हा बोलावलं असतं का?"

अण्णांनी रिक्षा थांबवायला लावली. उतरले आणि उन्हात रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. मी मागं धावले. "मी फौजेला नावं ठेवत नाय," ते म्हणाले, "पण आमाला निदान माहीत असायचं, समोर दुश्मन हाय म्हणून."

दादा आणखी एकदा तिकडं गेलाच. आम्हाला नंतर कळलं. त्यानंतर ट्रक निघून गेला. कुठं ते मुकादमालाही ठाऊक नव्हतं. कुंपण तसंच आहे, आत गवत वाढलंय.

परवा टीव्हीवर कुठल्याशा शहरातला मोर्चा दाखवत होते. माणसं एकाएकी कान दाबून पळायला लागली. कुणी मारत नव्हतं, धूर नव्हता. आपल्याच देशातली माणसं. दादा उठून पडद्याजवळ गेला, नीट बघितलं आणि टीव्ही बंद केला. तेच यंत्र होतं का, हे तो सांगेना.

मी बजाजनगरला शिकवते. या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सांगत होते, असंच एका जागेवर उभं राहायचं काम आलंय, हवामानाचं काहीतरी. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दादाचं सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. त्यांच्या बायकोनं पोहे केले.

मी निघताना ते म्हणाले, "पण सरकारचंच काम हाय ना, मॅडम?"

मी हो म्हणाले. काम सरकारचंच असणार. चप्पल पायात घालून मी तशीच दारात उभी राहिले, ते जाणार की नाही हे काही मला विचारवेना.